भिंतीचे पोट

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव एके काळी भातशेतीचे होते. आज मुंबई-नाशिक महामार्गावरून माणकोलीपाशी आत वळले, की गोदामांच्या रांगा सुरू होतात आणि शेताचा बांध दिसायला बरेच पुढे जावे लागते. मुंबईत कोणी घरबसल्या मागवलेले मिक्सर, चपला, औषधे इथूनच निघतात. हा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हातांमध्ये काही हात आपल्या ख्रिस्ती बांधवांचेही आहेत. कोणी झारखंडचे, कोणी ओडिशाचे, एक कुटुंब पालघरकडचे. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या या पाच-सहा कुटुंबांकडे मी महिन्यातून एकदा संध्याकाळी जातो. जपमाळेची प्रार्थना होते, मग काळा चहा होतो आणि मग खऱ्या अर्थाने बोलणे सुरू होते.

२९ एप्रिल २०२३ रोजी, शनिवारी दुपारी, वळपाड्यातील एक तीन मजली इमारत कोसळली. खाली गोदाम आणि वर संसार अशी तिची रचना होती. आठ माणसे दगावली. एक जण रात्रभर ढिगाऱ्याखाली राहून दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत बाहेर आला. आमची कुटुंबे तेथे राहत नव्हती. परंतु त्या दुपारचा आवाज आणि त्यानंतरची धूळ त्यांच्या दारापर्यंत आली होती. पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा जपमाळ नेहमीपेक्षा हळू चालली. चहाच्या वेळी घरधनीण म्हणाली, "फादर, घर पडायच्या अगोदर काही सांगतं का हो?"

"सांगत असावं," एवढेच मी म्हणालो. धर्मगुरूला शोभेल असे ते मोघम उत्तर होते. खरे उत्तर मला ठाऊक होते. एका भिंतीने मला एकदा स्पष्ट सांगितले होते आणि मी तिचे ऐकले नव्हते.

परतताना गाडी अंजूरच्या बाजूने घेतली. वसईच्या मोहिमेत ज्यांनी पेशव्यांच्या बाजूने मोठी खटपट केली, त्या गंगाजी नाईकांचे हे गाव. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्याची पहिली जुळवाजुळव या परिसरातली. वसईकर ख्रिस्ती माणसाने अंजूरवरून जाताना नेमके काय वाटून घ्यावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्या रात्री मनात इतिहास नव्हता. उल्हास नदीचे पाणी याच अंगाने खाली वसईच्या खाडीत जाते, आणि माझे मन त्या पाण्याबरोबर माझ्या पहिल्या धर्मग्रामात पोचले होते.

गुरुविद्यालयातून बाहेर पडून मला फार दिवस झाले नव्हते. नव्वदच्या दशकाची ती अखेर. वसईच्या किनारपट्टीवरील एका जुन्या चर्चमध्ये मी सहायक धर्मगुरू होतो. प्रमुख धर्मगुरू आजारी होते आणि सणाची सगळी तयारी माझ्यावर पडली होती. चर्चची उत्तरेकडची भिंत ओलीने काळवंडली होती. चुन्याचा गिलावा हात लावताच भुरभुरत होता. सणाला बिशप येणार, बाहेरगावचे लोक येणार, आणि पानाफुलांच्या कमानीमागे ही अशी भिंत! मी एका ठेकेदाराला बोलावले. आठ दिवसांत सिमेंटचा गिलावा करून देतो, असे तो म्हणाला.

गावात एक वृद्ध गवंडी होते. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. ते आपण होऊन आले, भिंतीपासून दहा पावले मागे गेले, एक डोळा मिटून तिच्या कडेने पाहिले आणि म्हणाले, "फादर, भिंतीला पोट आलंय. आधी ते बघा. आणि वर पन्हळ गळतेय, ती बघा. चुन्याच्या अंगाला सिमेंट मानवत नाही."

"मेस्त्री, आता चुना कोण वापरतं?" मी हसून म्हणालो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. त्यांनी वाद घातला नाही. पाठीमागे हात बांधून ते निघून गेले. सणाला भिंत झळझळीत दिसली. लोकांनी माझे कौतुक केले, आणि स्मरणिकेत तिचे छायाचित्रही छापून आले.

मेस्त्री काय म्हणत होते ते समजायला मला पुढची वीस-बावीस वर्षे लागली. ते येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावातली चर्चे, क्रूस आणि जुनी घरे अशाच भिंतींची आहेत.

जुनी जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बहुधा ती एक नसते. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत लहानमोठे खडे व चुना यांचा भराव, अशी ती त्रिविध असते. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवून गवंडी दोन्ही थर एकमेकांना बांधून घेत. ज्याने हे दगड कमी वापरले त्याची भिंत दिसायला तितकीच देखणी, पण मुळात दोन अनोळखी माणसे पाठीला पाठ लावून उभी असावीत तशी. माथ्यावरून पाणी आत झिरपू लागले की भरावातला चुना धुपतो. सुटे झालेले खडे खाली बसतात आणि पाचरीसारखे दोन्ही थरांना बाहेर रेटतात. मग भिंत मध्येच फुगते. यालाच गवंडी पोट येणे म्हणतात. ओळंबा लावला तर ते कोणालाही दिसते; मेस्त्रींना ओळंब्याचीही गरज पडली नव्हती.

चुन्याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचे शिंपले भट्टीत भाजून चुना करीत. सुमारे नऊशे अंश उष्णतेला शिंपल्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो, विरतो. मग तो खड्ड्यात मुरवायचा आणि वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा. काही ठिकाणी त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी, गूळ, बेलफळाचे पाणीही घालत. भिंतीत गेल्यावर हा चुना, भट्टीत गमावलेला तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. जाड भिंतीत ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. म्हणून चुन्याची भिंत थोडी हलली, थोडी खचली, तरी ती मोडत नाही. आपल्या बारीक भेगा ती काही अंशी स्वतःच भरून काढते.

आपला काळा दगड ओल फारशी शोषत नाही. भिंत कोरडी होते ती दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून. सिमेंटचा गिलावा देऊन मी नेमक्या त्या दरजा बंद केल्या. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदवला, तेव्हापासून जगाने त्याच्या जोरावर पूल आणि धरणे बांधली. त्या वस्तूला दोष देण्यात अर्थ नाही. पण ते कडक असते आणि चुना मऊ. कडक सालीखाली मऊ भिंत हलली की साल तडकते, तडीतून पाणी आत जाते आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही. समुद्रकाठचे खारे पाणी गिलाव्यामागे साठते, सुकताना मिठाचे स्फटिक धरते आणि ते स्फटिक दरजांचा भुगा करतात. शिवाय पन्हळ मी दुरुस्त केलीच नव्हती. गळती वर होती आणि मलम मी खाली लावले होते.

हे मला एकदम उमगले नाही. २००० सालच्या जुबिलीत एका यात्रेबरोबर मी असिसीला गेलो. तेथील संत फ्रान्सिसच्या महामंदिरात मार्गदर्शकाने सगळ्यांना वर पाहायला सांगितले. २६ सप्टेंबर १९९७ रोजी रात्रीच्या भूकंपाने झालेले नुकसान पाहण्यासाठी दोन संन्यासी आणि दोन तज्ज्ञ वरच्या मंदिरात उभे असताना दुसरा धक्का बसला, छताच्या कमानी खाली आल्या आणि ते चौघेही गेले. चिमाबुए या चित्रकाराच्या हातचा संत मत्तय हजारो तुकडे होऊन जमिनीवर पडला. कारण शोधताना असे दिसले, की शतकानुशतके छपराची दुरुस्ती करणाऱ्यांनी फुटकी कौले आणि राडारोडा खाली न आणता कमानींच्या पाठीवरच टाकला होता. खालून कोणाला तो दिसत नव्हता. जॉर्जो क्रोची या अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली तो भार उतरवला गेला, कमानींच्या पाठीवर लाकूड आणि ॲरामिड नावाच्या चिवट तंतूंच्या सडपातळ फासळ्या बसवल्या गेल्या, आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये मंदिर पुन्हा उघडले. सान दामियानोचे पडके देऊळ स्वतःच्या हाताने दगड वाहून सावरणाऱ्या संताचे हे मंदिर. त्याच्याच डोक्यावर लोकांनी निष्काळजीपणे ओझे ठेवावे, याचे मला तेव्हा वाईट वाटले. माझी उत्तरेची भिंत मात्र तेथे मला आठवली नाही. माणसाला दुसऱ्याच्या डोक्यावरचा राडारोडा लवकर दिसतो.

ती आठवली गोव्यात. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. दर्शनी भागातला कोरीव काळा दगड आपल्या वसईहून नेलेला, असे सांगतात, आणि वसईचा माणूस तेथे गेल्यावर छाती थोडी फुगवतोच. बाकी भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र, म्हणून मूळ बांधणाऱ्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज तज्ज्ञांच्या सांगण्यावरून तो खरवडून काढला गेला. उघडा दगड अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसतो, अशी तेव्हाची अभिरुची. तेव्हापासून जांभा पावसाळ्यामागून पावसाळे झिजतो आहे. आज त्या लाल भिंतीच इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत, की गिलावा परत द्या म्हटले तर पुष्कळांना ते विद्रूप वाटते. मी त्या भिंतीसमोर उभा होतो आणि मनात म्हणत होतो, यांनी अंगरखा काढला, मी श्वास कोंडणारा कोट चढवला. दोघांनीही भिंतीला विचारले नाही.

जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टिनचा मनोरा आहे. १८३५ मध्ये तेथील संन्याशांना हुसकावले गेले आणि वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळले. दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडायला मात्र १९३१ साल उजाडावे लागले. जवळजवळ नव्वद वर्षे ती भिंत सांगत होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या त्या पहिल्या धर्मग्रामातून निरोप आला. उत्तरेच्या भिंतीला खिडकीच्या कमानीपासून जोत्यापर्यंत भेग गेली होती. तरुणांचे म्हणणे, चर्च पाडून मोठे बांधावे. लोकसंख्या वाढली आहे, गाड्या लावायला जागा नाही. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, आईबापांची लग्ने जेथे लागली ती वेदी हलवू नये. वास्तुसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या एका तरुण वास्तुविशारद बाईंना पाहणीसाठी बोलावले होते. भिंतीवर काय काय आणि केव्हा केले गेले हे ठाऊक असलेला माणूस त्यांना हवा होता. नोंदवहीत फक्त 'रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती' असे लिहिलेले होते. ते अक्षर माझेच होते.

सभेपूर्वी बाईंनी मला भिंतीजवळ नेले आणि लाकडी मोगरीने ठोकून दाखवले. एका जागी ठाशीव आवाज येई, हातभर पुढे तोच आवाज रिकाम्या मडक्यासारखा. "आतला भराव येथे नाहीच," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही थर अजून उभे आहेत. पाडायची गरज नाही. घाई मात्र चालणार नाही."

सभेत तावातावाने बोलणे झाले. एका मुलाने वळच्या दुर्घटनेची आठवण दिली आणि म्हणाला, "उद्या सणाच्या मिस्साला भिंत आली तर जबाबदार कोण?" प्रश्न योग्य होता. चारशे माणसे बाकांवर बसलेली असताना केवळ प्राचीनतेच्या प्रेमाखातर भिंत उभी ठेवणे हे मला आजही पाप वाटते. मी उठलो आणि म्हणालो, "त्या भिंतीवरचं सिमेंट मी लावलं. मेस्त्रींनी सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही." पापनिवेदन ऐकणे हे माझे रोजचे काम, सांगणे, तेही दीडशे लोकांसमोर, वेगळे निघाले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "फादर, तुम्ही एकट्यानं नाही लावलं. टाळ्या आम्हीच वाजवल्या."

सावरायचे ठरले, पण काम पुरे होऊन बाई लेखी देईपर्यंत मिस्सा शाळेच्या सभागृहात होईल, अशी अट तरुणांनी घातली. ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटली.

पुढचे काम मी सवड मिळेल तेव्हा जाऊन पाहिले. आधी भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग चालती असेल तर काच तडकते. एक तडकली, दोन शाबूत राहिल्या. भिंतीला धिरे दिले. पन्हळ आणि छप्पर सर्वांत आधी दुरुस्त झाले. मग सिमेंट काढणे. ते यंत्राने काढायचे नाही, कारण हादऱ्याने आतले उरलेसुरले खडेही बसतात. छिन्नीने, वीतवीत. काही ठिकाणी सिमेंट दगडाची कपची घेऊनच सुटत होते. ते मी फार वेळ पाहू शकलो नाही.

त्यानंतर भराव. दरजांतून नळ्या बसवल्या, आत पाणी सोडून धूळ धुतली, आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना व बारीक सुरखी यांचे पातळ मिश्रण खालच्या नळ्यांतून सोडले. तेही जोर न लावता. एका दिवसात फार उंची घेतली तर ओल्या मिश्रणाचाच दाब बाहेरचा थर ढकलून देईल. भिंत बरी करताना पाडल्याची उदाहरणे आहेत, असे बाई म्हणाल्या. जेथे दोन थर अगदीच सुटले होते तेथे भोक पाडून न गंजणाऱ्या पोलादाच्या सळ्या आरपार घातल्या. साधे लोखंड का नाही, म्हणून मी विचारले. उत्तर अथेन्सचे मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉनचे संगमरवरी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले. पट्ट्या गंजल्या, फुगल्या आणि त्यांनीच दगड फोडले. पुढच्या पिढीला ते सारे काढून टायटॅनियम बसवावे लागले. बालानोसचेही त्या काळी कौतुकच झाले असणार.

मेस्त्री केव्हाच देवाघरी गेले. त्यांचा नातू टाइल्सची कामे घेतो. बाईंनी त्याला बोलावले, कारण त्याच्या घरात आजोबांची चुना घोटायची हत्यारे होती. पहिल्या आठवड्यात त्याने तीनदा विचारले, "फादर, यात थोडं सिमेंट घातलं तर लवकर नाही का होणार?" मी काही बोललो नाही. एका दुपारी तो खालच्या नळीला नरसाळे लावून बसला होता. बराच वेळ मिश्रण नुसते आत जात राहिले. भिंत पीतच होती. मग हातभर वरच्या नळीच्या तोंडाशी एक पांढरट थेंब आला, लोंबला आणि खाली पडला. पोराने चटकन ती नळी बुचाने बंद केली आणि माझ्याकडे पाहून हसला. त्याच्या आजोबांसारखा तो मुळीच दिसत नाही.

पोट पूर्ण गेले नाही. ते ओढून सरळ करण्याचा प्रयत्नही कोणी केला नाही. भिंत जशी उभी राहिली आहे तशीच तिला धरून ठेवायचे, एवढेच काम. चुन्याचा नवा गिलावा दिला आहे. दर काही वर्षांनी त्याला हात फिरवावा लागेल, आणि पन्हळ दर पावसाळ्याआधी पाहावी लागेल. नोंदवहीत या वेळी चार पाने लिहिली गेली.

वळच्या त्या बाईंना मी त्यानंतर पुन्हा भेटलो तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. घर सांगते. दार अडकू लागते, फरशी वाजते, भेग तिरपी चालते, गिलाव्याचा पापुद्रा विनाकारण गळतो. सांगत नाही असेही होते, तेही मी लपवले नाही. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात एक भेग होती. तिच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची आणि तारीख लिहायची, एवढे मी तिला शिकवले. काचेची पट्टी कोठून आणणार?

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तिने जपमाळेच्या आधीच दिवा कोपऱ्यात नेला. भिंतीवर तीन रेघा होत्या, लेकराच्या उंचीच्या खुणा असाव्यात तशा, आणि प्रत्येकीजवळ तिच्या वळणदार हातची तारीख. भेग तिसऱ्या रेघेच्या दोन बोटे वर गेली होती. जपमाळ आम्ही राहू दिली. तिचा नवरा, शेजारचे दोघे आणि मी, असे चौघे घरमालकाकडे गेलो. ते जेवायला बसले होते. आम्ही ओट्यावर थांबलो.